गेटवेपर्यंत सोबत

देविका तळपदेने सव्वीस दिवसांची रजा मागितली, तेव्हा परळच्या इस्पितळातल्या तिच्या लॅबच्या मोठ्या डॉक्टरांनी अर्जावरून नजर न काढता विचारलं, "घरात लग्न आहे का?"

"नाही सर. चालायला जायचंय."

"कुठे?"

"वेंगुर्ल्याला."

तेव्हा कुठे डॉक्टरांनी मान वर केली.

तिने नीट सांगितलं. तिची कॉलेजातली मैत्रीण मनू लग्नानंतर अलिबागला राहायला गेली होती. तिने सहा जणींचा गट जमवला होता. मांडव्याला सुरुवात करायची आणि किनाऱ्याकिनाऱ्याने, खाड्या होडीने ओलांडत, वाटेतल्या गावांत मुक्काम करत थेट वेंगुर्ल्यापर्यंत पायी जायचं. मनूचा नियम एकच होता. समुद्र उजव्या हाताला ठेवायचा, म्हणजे वाट चुकत नाही. डॉक्टरांनी सही केली. अकरा वर्षांत देविकाने सलग चार दिवसांची रजा एकदाच घेतली होती आणि तीही सासूला इस्पितळात ठेवलं होतं म्हणून, हे त्यांना ठाऊक होतं.

सासूबाई, राजलक्ष्मीबाई, अर्धांगाच्या झटक्यानंतर सहा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. दिवसा एक बाई येई, पण पहाटेचं आणि संध्याकाळनंतरचं सगळं देविकाकडे. अंग पुसणं, कूस बदलणं, चमच्याने भरवणं, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी उठणं. गिरगावातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, तिथून परळची तळघरातली बिनखिडकीची लॅब आणि लॅबमधून परत त्याच दोन खोल्या. गेल्या पावसाळ्यात राजलक्ष्मीबाई गेल्या. देविका रडली, मनापासून रडली. पण तेरावं उरकल्यावर एका पहाटे पाचला जाग आली आणि आज कोणासाठीच उठायचं नाही हे लक्षात आलं, तेव्हा छातीवर बसलेलं कोणीतरी उतरून गेल्यासारखं तिला वाटलं. त्याची लाजही वाटली. मनूचा फोन आला तो त्याच आठवड्यात.

निघायच्या पंधरा दिवस आधी जेवताना तिचा नवरा अर्णव सहज म्हणाला, "अगं, नलूआत्याला आपल्याकडे आणायचं ठरलंय. एक्क्याऐंशी वय, दादरला एकटी राहते, परवा बाथरूममध्ये पडता पडता वाचली. तू चालून आलीस की आणू. तुला काय, सवय आहे."

अर्णव वाईट माणूस नव्हता. आवाज चढवायचा नाही, दारू नाही, पगार घरात. फक्त घरातली कामं आपोआप होतात असं त्याला वाटायचं. देविकाने सासऱ्यांकडे, कमलाकांतांकडे, पाहिलं. नलूआत्या त्यांची थोरली बहीण. कमलाकांत खाली मान घालून माशातला काटा काढत होते. बराच वेळ काढत होते.

त्या रात्रीपासून देविकाच्या डोक्यात एकच वाक्य घर करून बसलं. परत यायचंच नाही. अलिबागला मनूची मागची खोली रिकामी होती. तिथल्या एका लॅबला माणूस हवा होता. तिने कोणाला सांगितलं नाही, मनूलाही नाही.

निघायच्या दिवशी सकाळी साडेसहाला ती पाठीवर अकरा किलोची सॅक चढवून दाराशी आली, तर कमलाकांत कॅनव्हासचे बूट घालून, डोक्याला मफलर गुंडाळून, काठी घेऊन तयार उभे.

"गेटवेपर्यंत सोडतो तुला," ते म्हणाले.

"बाबा, मी चालत जाणार आहे. चौपाटीवरून मरीन ड्राइव्ह, मग कफ परेड, मग गेटवे, तिथून मांडव्याची बोट. गेटवेलाच दहा वाजतील."

"मलाही पाय आहेत."

झालं. सव्वीस दिवसांतला पहिला दिवस निदान आपला एकटीचा असेल असं तिला वाटलं होतं. तेही नाही. एरवी घरात दिवसभरात चार वाक्यं न बोलणारे कमलाकांत त्या सकाळी अखंड बोलत होते. ते एका जहाज कंपनीच्या हपिसात चाळीस वर्षं कारकून होते. मरीन ड्राइव्हवरच्या दर तिसऱ्या इमारतीत त्यांचा कोणीतरी ओळखीचा राहून गेला होता. "इथे आमचा बाबुराव राहायचा. मोठा खवय्या. ह्या इमारतीला तेव्हा हिरवी दारं होती." देविका 'हं' म्हणत होती. पावलं वेगाने टाकली की मागून काठीचा आवाज अडखळायचा, मग थांबावं लागायचं. तिच्याच घराचा एक तुकडा तिच्यामागून चालत येत होता.

कफ परेडला मच्छीमार नगराच्या अलीकडे वाळत टाकलेल्या बोंबलांचा वास आला, तेव्हा साडेआठ होऊन गेले होते. तिथे समुद्राचा मार अडवायला बांधाखाली मोठमोठे दगड आणि सिमेंटचे ठोकळे टाकलेले होते.

"बाबा, तुम्ही पाच मिनिटं इथे कठड्यावर बसा," ती म्हणाली. "मी जरा खाली जाऊन येते."

"कशाला?"

"असंच."

तिला फक्त पाच मिनिटं कोणाचाही आवाज नको होता. ती कठडा ओलांडून सॅकसकट खाली उतरली. चौथ्या की पाचव्या दगडावर पाय ठेवला आणि तो दगड कलला. उजवा पाय गुडघ्यापर्यंत फटीत गेला, आणि कललेला दगड परत आपल्या जागी बसला.

आधी तिला दुखलंच नाही. तिने पाय ओढला. पाय जागचा हलला नाही. पुन्हा ओढला तेव्हा घोट्यात अशी कळ उठली की डोळ्यांपुढे पांढरं झालं. बूट खाली कुठेतरी आडवा अडकला होता आणि नडगीवर दगड टेकला होता. सॅकच्या वरच्या कप्प्यातला मोबाइल काढायला तिने हात मागे नेला. मोबाइल ओल्या बोटांतून सुटला, दगडावर एकदा वाजला आणि खालच्या अंधारात गेला. त्याच फटीतून पाण्याचा गुळगुळ आवाज येत होता. तो मघापेक्षा जवळ आला होता.

"बाबा!"

कमलाकांत काठी टाकून बसत, घसरत, हातांवर भार देत खाली आले. त्यांनी दगडाला खांदा लावला. अडुसष्टाव्या वर्षी त्यांच्या मानेच्या शिरा तटतटून फुगल्या आणि दगड होता तसाच राहिला. मोबाइल त्यांनी घरीच ठेवला होता. ते बांधाकडे तोंड करून ओरडले, "कोणी आहे का?" त्यांचा आवाज म्हातारा झाला आहे हे देविकाला त्या क्षणी पहिल्यांदा जाणवलं.

वरून मासे वाळवणारी एक कोळीण डोकावली. राधाबाई तिचं नाव. तिने एकदा समुद्राकडे पाहिलं, एकदा देविकाच्या पायाकडे.

"पानी भरतंय," ती म्हणाली. "काल अवस होती, आज उधाण हाय. बारापर्यंत ह्ये दगड दिसनार नाय. थांबा, माझ्या पोराला आनते, बंबवाल्यांना पन फोन करते." आणि ती पळत गेली.

थांबण्यावाचून दुसरं काय करता येणार होतं? देविका एका ठोकळ्यावर अर्धवट बसली होती. सॅक काढून कमलाकांतांनी वरच्या दगडावर ठेवली. पहिली लाट तिच्या मांडीला लागली. थंड नव्हती, पण तिला हुडहुडी भरली. दुसरी लाट जोराने आली आणि तिला बाजूला ढकललं, तशी घोट्यातून पुन्हा कळ गेली.

कमलाकांत तिच्या मागे येऊन बसले. समुद्राकडे पाठ करून, तिच्या काखांतून हात घालून त्यांनी तिला धरलं. अकरा वर्षांत दिवाळी-दसऱ्याला वाकून नमस्कार करण्यापलीकडे दोघांचा स्पर्श झाला नव्हता. आता लाटा त्यांच्या पाठीवर फुटत होत्या आणि तिच्यापर्यंत फक्त फेस येत होता.

"बाबा, तुम्ही वर जा. तुम्हाला न्यूमोनिया होईल."

"गप बस."

पाणी तिच्या कमरेशी आलं. अर्धा-पाऊण तास गेला असेल किंवा दहाच मिनिटं, तिला सांगता आलं नसतं. डोळ्यांसमोर दगडाचा एकच कोपरा होता, त्यावरचं हिरवं शेवाळ आणि एक खेकडा, फटीत जाणारा, बाहेर येणारा, हवं तेव्हा जाणारा-येणारा. आपण इथेच बुडणार, घरापासून दोन तासांवर, चालायला सुरुवातही न करता, असं तिला अगदी शांतपणे वाटलं. आणि त्या शांततेतच ती बोलून गेली.

"मी परत येणार नव्हते, बाबा."

मागचे हात क्षणभर सैल पडले, मग पुन्हा घट्ट झाले.

"अर्णवला माहीत आहे?"

"नाही. कोणालाच नाही."

"नलूताईमुळे?"

"आत्यांमुळे नाही. मला कोणी विचारलं नाही म्हणून. आईंचं केलं, मी ते मनापासून केलं. पण ते संपल्यावर तुम्ही दोघांनी जेवता जेवता पुढचं ठरवून टाकलंत. खुर्ची रिकामी झाली, दुसरं कोणीतरी बसवा, तसं."

एक मोठी लाट आली. कमलाकांतांच्या तोंडात पाणी गेलं, ते खोकत राहिले. खोकला थांबल्यावर म्हणाले, "अर्णवने मला विचारलं होतं. बाबा, देविकाला जड जाईल का? मी म्हटलं, ती करेल. मीच म्हटलं." मग जरा वेळाने, "तू परत येणार नाहीस हे मला काल रात्रीच कळलं होतं. तू सॅकमध्ये तुझी सर्टिफिकेटं भरलीस. चालायला जाणारं माणूस सर्टिफिकेटं कशाला नेईल? म्हणून आज आलो. गेटवेपर्यंत तरी बोलता येईल म्हणून आलो, आणि बोललो काय, तर बाबुरावाची हिरवी दारं."

देविकाला रडू फुटलं. भीतीने की रागाने, तिचं तिलाच कळेना.

तेवढ्यात राधाबाईचा मुलगा आनंदा उतरत आला. चाळिशीचा, आडव्या बांध्याचा, हातात मासे कापायचा सुरा आणि गोड्या तेलाची बाटली. त्याने दगड हाताने चाचपून पाहिला. "पहार लावली तर वरचा खाली येल. बूट कापाय लागंल. बाय, पाय ताठ धरू नको, मेल्यासारका सोड."

पाण्याखाली खांद्यापर्यंत हात घालून तो नुसत्या बोटांच्या अंदाजाने काम करत होता. सुरा चामड्यावर चालताना तिला जाणवत होता, तळव्यापासून बोटभर अंतरावर. मधेच लाट आली की त्याचं डोकं पाण्यात जाई आणि तो फुरफुरत वर येई. पाणी तिच्या छातीशी आलं होतं. त्याने तेल ओतलं आणि म्हणाला, "आता मोठी लाट यिऊ दे. ती उचलंल तवा वडतो. वरडायचं तर वरडा."

लाट आली. आनंदाने ओढलं, कमलाकांतांनी मागून उचललं आणि देविका ओरडली, असं ओरडली की राधाबाईने वर कानांवर हात ठेवले. पाय बाहेर आला. नडगीचं कातडं सोलून निघालं होतं आणि पाऊल भलत्याच बाजूला वळलं होतं. बंबवाले तोवर पोचले होते. त्यांनी स्ट्रेचरवरून तिला वर घेतलं. कमलाकांतांना दोघांनी धरून चढवावं लागलं. त्यांचे दात वाजत होते.

घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. चार माणसांनी खुर्चीवर बसवून तिला गिरगावच्या तिसऱ्या मजल्यावर नेलं आणि खिडकीजवळच्या पलंगावर ठेवलं. सासूबाईंचाच पलंग तो. झोपल्यावर छताचा जो पोपडा त्यांना सहा वर्षं दिसला असेल, तोच आता तिला दिसत होता. इमारतीला लिफ्ट नव्हती. मनू फोनवर म्हणाली, "आम्ही पुढे निघतोय गं," आणि फोनमधून समुद्राचा आवाज आला. देविकाने बोलणं आवरतं घेतलं.

तिसऱ्या दिवशी अर्णव तिच्या उशाशी बसून मोसंबं सोलत होता. काळजीने त्याचा चेहरा उतरला होता. तिला बरं वाटावं म्हणून तो म्हणाला, "एका अर्थी बरंच झालं बघ. नलूआत्याला याच आठवड्यात आणू. तू घरातच आहेस, तिच्यावर लक्ष राहील. पाय बरा होईतो तुम्हाला एकमेकींची सोबत."

देविकाने डोळे मिटले. दगड परत आपल्या जागी बसला, असं तिला वाटलं.

"नलूताई इथे येणार नाही," गॅलरीतून आवाज आला. कमलाकांत आत आले. त्यांना अजून खोकला होता. "मी दादरला तिच्याकडे राहायला जाणार आहे."

"बाबा, काहीतरीच काय? तुम्हाला साधा चहा करता येत नाही."

"शिकेन."

"आणि तिला आंघोळ? तिचं बाकीचं?"

"बहीण आहे माझी. तिने मला लहानपणी घातली आंघोळ, मी तिला म्हातारपणी घालेन. दिवसा बाई लावू."

"लोक काय म्हणतील? सून असताना..."

"सुनेला विचारलं होतंस?" कमलाकांतांनी विचारलं. "मीही नव्हतं विचारलं. आता विचार. ती समोर आहे."

अर्णव तिच्याकडे वळला. सोललेलं मोसंबं हातात तसंच होतं. त्याने विचारलं नाही. पण तिने उत्तर दिलं.

"मला जमणार नाही, अर्णव."

एवढंच. अकरा वर्षांत हे वाक्य ती पहिल्यांदा बोलली होती. अर्णव उठून गेला आणि दोन दिवस तुटक बोलत राहिला.

पुढचे सहा आठवडे कमलाकांत शिकत होते. देविका पलंगावरून सांगायची आणि ते खाली सतरंजीवर ठेवलेल्या लोडावर सराव करायचे. लोडाची कूस बदलायची, लोडाखालची चादर लोड न उचलता काढायची, लोडाला डायपर घालायचं. "बाबा, दोन्ही हात कमरेखाली. पाठीतून वाकू नका, गुडघ्यातून वाका." ते घामाघूम व्हायचे. एकदा चिडून त्यांनी लोड भिरकावला आणि म्हणाले, "हे तू रोज करत होतीस? मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो." देविकाने बोटाने लोड परत आणायची खूण केली. बोलण्यासारखं होतं ते त्यांनीच बोलून टाकलं होतं. फेब्रुवारीच्या शेवटी एक बॅग आणि औषधांची यादी घेऊन ते दादरला गेले.

पाय मोकळा झाल्यावर ती त्यांना भेटायला गेली. दार उघडंच होतं. आत नलूआत्या खुर्चीत बसल्या होत्या आणि कमलाकांत मागे उभे राहून त्यांची पातळ वेणी घालायच्या खटपटीत होते. तीन पेड करायचे तर एक सुटत होता. भात करपल्याचा वास येत होता. कमलाकांत बारीक झाले होते, दाढी वाढली होती. "हा बाहेर जात नाही गं कुठे," नलूआत्या तक्रार करत होत्या. "मी झोपले तरी बसून राहतो." देविकाचे हात आपोआप पुढे झाले.

"नको," कमलाकांत म्हणाले. "तू बस."

ती बसली. हात मांडीखाली दाबून बसली. वेणी वाकडी झाली. समोरच्या खिडकीला लोखंडी जाळी होती आणि जाळीपलीकडे हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत. ह्या माणसाला मी इथे कोंडलं, असं तिच्या मनात आलं. आणि मग, माझ्या जागी.

मनूचा गट केव्हाच वेंगुर्ल्याला पोचून परतला होता. एप्रिलमध्ये मनू पुन्हा निघाली, या वेळी दोघीच. निघताना देविकाने अर्णवला समोर बसवून सांगितलं, "मी परत यायचं की नाही हे चालता चालता ठरवणार आहे. तुला आधी सांगून जातेय." अर्णव हसायला गेला, मग त्याचं हसू थांबलं. "मी काय करू?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "रविवारी दादरला जा. बाबांना चार तास बाहेर पाठव."

किनारा तिने मनात रंगवला होता तसा नव्हता. वाळू समुद्राकडे उतरती, त्यामुळे उजवा पाय सतत खालच्या बाजूला, सगळा भार मोडलेल्या घोट्यावर. आठच्या पुढे ऊन भाजायचं. दुपारी सुरूच्या बनात पडून राहायचं, संध्याकाळी पुन्हा चालायचं. रेवदंड्याच्या पुढे तिचे तळवे फोडांनी भरले. दिवेआगरला ज्या घरी उतरल्या तिथल्या म्हातारीने न विचारता हळद-तेल लावून दिलं. रोज पहाटे चारला तिला जाग यायची आणि कोणाची तरी कूस बदलायची राहिली म्हणून ती दचकून उठून बसायची. मोकळ्या आकाशाखालीसुद्धा.

नवव्या दिवशी दोघी बागमांडल्याच्या जेटीवर पोचल्या. खाडीपलीकडे रत्नागिरी जिल्हा. फेरीबोट अलीकडे येत होती, तेवढ्यात तिच्या नव्या मोबाइलवर कमलाकांतांचा फोन आला.

"देविका, नलूताई पडली. बाथरूममध्ये. शुद्धीवर आहे, हात हलवते, पण कंबर दुखते म्हणते. अर्णवचा फोन लागत नाही." आवाज कापत होता. "काय करू?"

देविकाच्या डोक्यात सगळं एकाच वेळी सुरू झालं. श्रीवर्धनहून मुंबईची एस.टी. दुपारची असेल. रात्री दादर. लॅबमध्ये निरोप. ती सॅक उचलून उलटी वळलीही होती.

"बाबा, मी येते..."

"नाही," कमलाकांत म्हणाले, आणि आता आवाज कापत नव्हता. "तू येऊ नकोस. फक्त सांग."

तिने सांगितलं. उचलू नका, मानेखाली उशी नको, अंगावर पांघरूण घाला, आधी ॲम्ब्युलन्स, मग शेजारचे अवधूत. एकेक गोष्ट ते मोठ्याने परत म्हणत होते, शाळेतल्या मुलासारखे. फोन बंद झाला.

बोट लागली होती. मनू फळीवरून पुढे गेली आणि वळून पाहू लागली. देविका जेटीवर तशीच उभी होती. पुढे पाऊल उचलत नव्हतं आणि मागेही नाही. "ताई, येताय की राहताय?" बोटीवरच्या माणसाने विचारलं. तिने हाताने जा म्हटलं. मनूने काही न विचारता पलीकडे थांबते अशी खूण केली.

ती जेटीवर बसून राहिली. तासाभराने पुन्हा फोन आला. ॲम्ब्युलन्स आली होती. अवधूत सोबत होते. अर्णव इस्पितळात पोचला होता आणि नलूआत्या ड्रायव्हरला शिव्या देत होत्या. हाड मोडलं असेल, नसेल, संध्याकाळी कळेल.

"तू कुठे आहेस?" कमलाकांतांनी विचारलं.

"खाडीच्या अलीकडे."

मग त्यांनी फोन ठेवला. पुढची बोट येताना दिसली तेव्हा ती उठली. मुंग्या आलेला पाय तिने दोनदा जमिनीवर आपटला, सॅक पाठीवर घेतली आणि फळीच्या दिशेने चालू लागली.